नळीत डाग नको

विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या एनसीसी विभागावर यंदा बिकट प्रसंग ओढवला. तपासणीला आलेल्या साहेबांनी रायफलच्या नळीत पांढरा रुमाल सरकवून बाहेर काढला, तर तो करडा निघाला. पहिला नंबर हुकला. कॉलेजात इंग्रजीला कित्येक महिने मास्तर नव्हते, त्याचंही कुणाला एवढं दुःख झालं नव्हतं.

विभागप्रमुख वीरधवल सरांनी तातडीने नळी-स्वच्छता समिती नेमली. समितीत आटपाडीची साक्षी होती. तिच्याइतका अचूक नेम कॉलेजात कुणाचाच नव्हता. साताऱ्याच्या निवड चाचणीत तो लागला, तर ती राज्याच्या संघात जाणार होती. चाचणीला कुणाला पाठवायचं, हे मात्र सरांच्या हातात होतं.

सरांनी भांडी घासायची पावडर, काथ्या आणि लोखंडी गज मागवला.

"सर, आदी रायफल रिकामी हाय का बघायची," साक्षी म्हणाली, "मग मागनं दांडी घालून तेलाच्या चिंधीनं हळू पुसायची. कॅम्पात तसंच शिकवलंय. गजानं आतल्या रेघा झिजत्यात. त्या रेघांमुळंच गोळी सरळ जाती."

"तपासणीत रेघा बघत नाहीत, रुमाल बघतात. साताऱ्याला जायचंय ना?"

जायचं होतं. साक्षीने गज उचलला आणि पुढच्या तोंडातून आत घातला. हात भरून येईपर्यंत ती रोज घासायची आणि रोज स्वतःवरच चरफडायची.

पुढे समितीच्या असे निदर्शनास आले की, नळी गोळी झाडल्याने मळते. सबब, गोळीबाराचा सराव पुढील आदेशापर्यंत स्थगित करण्यात आला. पोरं मैदानावर पालथी पडून नेम धरत आणि तोंडाने "ठो!" म्हणत. ज्याचा ठो खणखणीत, त्याला सर शाबासकी देत.

फेरतपासणीत रुमाल पांढराशुभ्र निघाला. साहेब गहिवरले. कॉलेज पहिलं आलं, मानाची ढाल मिळाली.

साताऱ्यात मात्र खऱ्या गोळ्या झाडायच्या होत्या. सरांनी विशेष बाब म्हणून तेवढ्यापुरती मंजुरी दिली. साक्षीने श्वास रोखून त्याच घासलेल्या रायफलचा चाप ओढला. गोळ्या वाट फुटेल तिकडे गेल्या. निशाण्याच्या कागदावर एकही भोक पडलं नाही. निवड म्हसवडच्या पिंकीची झाली. तिच्या रायफलला बंदुकीच्या दारूचा वास येत होता.

सरांनी साक्षीचा कोरा कागद उन्हात धरून न्याहाळला.

"वा! हासुद्धा स्वच्छ ठेवलास!"

"सर, माजं वरीस गेलं की वो," साक्षी कशीबशी म्हणाली. सर ढालीला हार कुठून आणायचा, याची चौकशी करत होते.

आठवड्याभरात थाटामाटात सत्कार झाला. शाल, ढाल, आणि मधोमध साक्षी. तो फोटो तुमच्याही ग्रुपवर आला होता. तुम्ही अंगठा दाखवलात, फुलं पाठवलीत, "जिल्ह्याची शान" असंही लिहिलंत. पोरीचा नेम लागला का, एवढं मात्र तुम्ही विचारलं नाहीत.