विसरण्याच्या परीक्षेची तयारी

परीक्षा माणसाच्या भल्यासाठीच असते. जो पास होतो त्याचं भलं लगेच होतं, जो नापास होतो त्याचं पुढच्या वर्षी. भूकंपानंतर लातुरात हे सत्य विशेष पक्कं झालं. त्या काळात घरांपेक्षा क्लासच भराभर उभे राहिले (आणि त्यांना भेगाही गेल्या नाहीत).

बसवराज सर इथल्याच एका अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. बावन्नाव्या वर्षी त्यांनी एकच धडा सलग तीन आठवडे शिकवला. कोणी तक्रार केली नाही. उलट ‘सर रिव्हिजन लई जबरी घेतेत’ अशी ख्याती होऊन वर्गात बाकं कमी पडली. त्यांच्या पत्नी इंदूताईंना मात्र संशय आला, कारण सर जेवून उठले की पुन्हा ताट मागायचे. नांदेडच्या डॉक्टरांनी निदान केलं: अकाली स्मृतिभ्रंश.

कायदा दयाळू आहे. सेवेत असताना अपंगत्व आलं तर नोकरी जात नाही, पगारही चालू राहतो. फक्त ते किमान चाळीस टक्के असल्याचं वैद्यकीय मंडळानं लिहून द्यायचं. इकडे संस्थेनं बडतर्फीची नोटीस काढली होती, घर सरांच्या पगारावर चालत होतं आणि मुलगी इरा मेडिकलसाठी दुसऱ्यांदा बसत होती. इंदूताईंनी चौकशी केली. कळलं की मंडळ स्मरणशक्तीची तीस गुणांची परीक्षा घेतं.

परीक्षा म्हटल्यावर लातूरचं माणूस जे करतं, तेच सगळ्यांनी केलं.

“भाभी, टेन्शन घेऊ नका,” शेजारचे झेरॉक्सवाले नासिरभाई म्हणाले. “मंडळवाले दर बुधवारी तेच-तेच प्रश्न ईचारून राहिलेत. सेट काढतो ना मी!”

मंडळासमोरून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला गाठून त्यांनी अपेक्षित प्रश्नसंच तयार केला. शंभरातून सात-सात वजा करणे: गणित. तीन शब्द ऐकून पुन्हा सांगणे: पाठांतर. आज वार कोणता: चालू घडामोडी (उजळणी रिक्षात). पहाटे इरा तोंडी परीक्षा घ्यायची. सर असे खुलले की कितीतरी महिन्यांनी घरात हसू ऐकू आलं. इंदूताईंना वाटलं, आता गंगेत घोडं न्हालं.

सरांना तीसपैकी अठ्ठावीस गुण पडले. मंडळाच्या इतिहासातला हा उच्चांक होता (दोन गुण अक्षरासाठी कापले). अध्यक्षांनी स्वतः पाठ थोपटली आणि प्रमाणपत्रावर अपंगत्व लिहिलं, पाच टक्के.

गल्लीत फ्लेक्स लागला. इंदूताई पेढे घेऊन निघाल्या आणि समोरच्या घरातल्या सरजाबाईंच्या उंबऱ्यावर मटकन खाली बसल्या.

“काय झालं वो ताई?”

“बाई गं, पास केलं मी त्यान्ला!”

अपील दाखल झालं. नासिरभाईंनी ताबडतोब नापास बॅच सुरू केली. पण चुकीचं उत्तर कानावर पडलं की सर खडू फेकून मारायचे. इराचं नाव ते विसरले, स्वतःच्या घराचा रस्ता विसरले, पण प्रश्नसंच हालत नव्हता. पाया पक्का करायचा म्हणजे काय, हे लातूरला कोणी शिकवू नये.

दुसऱ्या मंडळात डॉक्टर नवे होते. त्यांनी वार विचारला नाही, वजाबाकी विचारली नाही. इंदूताईंकडे बोट करून म्हणाले, “सर, ह्या कोण?”

हा प्रश्न सेटमध्ये नव्हता. तो विचारला जाईल असं कोणाला वाटलंच नव्हतं, इंदूताईंना तर मुळीच नाही.

सरांनी बराच वेळ पाहिलं. मग अदबीनं उठून स्वतःची खुर्ची पुढे केली. “पालक दिसतेत,” ते म्हणाले. “बसा बाई. लेकरू हुशार हाय तुमचं. काळजी करू नका.”

इंदूताई बसल्या. नोकरी वाचली हे त्यांना कळलं, आणि रडू आवरेना.

नवं प्रमाणपत्र आलं त्या दिवशी निम्मं लातूर दारात येऊन एकच प्रश्न विचारून गेलं. इंदूताई कशा आहेत, हा तो प्रश्न नव्हे. वाचकांच्या मनातही एव्हाना तोच घोळत असणार, म्हणून ताटकळत ठेवत नाही: सत्तर टक्के.