वटवाघूळ नंबर सत्तेचाळीस

डॉ. फिलिप आढाव यांचं वटवाघूळ नंबर सत्तेचाळीस वडगाव रासाईच्या कोंडवाड्यात अडकलं आहे, ही बातमी त्यांना दाढी करताना मिळाली. बातमी आणली लिडियाबाईंनी. लिडियाबाई शिरूरच्या मिशन दवाखान्यातल्या नर्स. माणसांच्या रक्ताचे नमुने घ्यायला दवाखान्यानं त्यांना तीन महिन्यांसाठी डॉक्टरांच्या दिमतीला दिलं होतं. तीन महिने संपत आले होते आणि बाईंच्या सुया अजून कोऱ्या करकरीत होत्या.

साल होतं त्रेसष्ट. वटवाघळांच्या अंगात कोणकोणते रोग असतात आणि ते माणसांपर्यंत कसे पोचतात, हे शोधायला पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं डॉक्टरांना भीमेच्या काठी, वडगाव रासाईत धाडलं होतं. वटवाघळांची बाजू त्यांनी चोख सांभाळली. नदीपलीकडे, दौंड तालुक्यातल्या खुटबावात जाळी लावून साठ वटवाघळं धरली, त्यांचं रक्त घेतलं आणि प्रत्येकाला नंबराची अॅल्युमिनियमची कडी घालून सोडून दिलं. अडलं होतं ते माणसांपाशी.

"वाघळं झाडाव, आमी खाली. त्यांचं आमचं येणंजाणं न्हाई," असं सांगून गावातल्या झुंबरबाईंनी पहिल्याच दिवशी सुईकडे पाठ फिरवली होती आणि सगळ्या गावानं त्यांचीच री ओढली होती. त्यातच पुण्याहून मोठ्या साहेबांचं पत्र आलं: महिनाअखेरपर्यंत माणसाचा वटवाघळाशी संपर्क आढळला नाही, तर संशोधन बंद करावं. डॉक्टरांना जेवण गोड लागेना. आजवर दुसऱ्यांच्या संशोधनाची भांडी घासली होती. हे पहिलं त्यांचं स्वतःचं होतं.

गालावर अर्धा साबण तसाच ठेवून ते कोंडवाड्यात पोचले. तिथं एक म्हैस, दोन शेळ्या आणि कोंबड्यांच्या डालग्यात उलटं लटकलेलं नंबर सत्तेचाळीस असा सगळा ऐवज होता. कोंडवाड्याचा राखणदार गेणबा डालग्यापुढे कडबा टाकून बसला होता.

"वैरण टाकली, पर तोंड लावत न्हाई," तो काळजीनं म्हणाला. "आन् सारखं उलटंच. आजारी हाय का काय?"

पलीकडे हौसराव उभे होते. गावातली पेरूची एकुलती एक बाग त्यांची. हाताला फडकं गुंडाळलेलं आणि चेहऱ्यावर मोठा गुन्हेगार पकडल्याचा भाव.

"हे जनावर तुमचं का?" हौसरावांनी विचारलं.

"म्हणजे... कडी माझी आहे."

"कडी तुमची म्हंजी जनावर बी तुमचं. माझ्या म्हशीच्या गळ्यात कवा तुमची घंटा आसंल का?"

"अहो, वटवाघूळ कुणाच्याच मालकीचं नसतं!"

"मग नंबर कशापायी घातला? बागंत रोज पन्नासेक येत्यात. बिनमालकाचं म्हणून आजवर सोसलं. आता मालक घावलाय. त्यात खुटबावचं जनावर! दौंड तालुक्यातलं, आन् चरायला आमच्यात?"

डॉक्टरांनी वाकून कडीवरचा आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "खरंच खुटबावचं! लिडियाबाई, सत्तेचाळीस नंबर नदी ओलांडून आलाय!" आनंदाच्या भरात त्यांनी हौसरावांचा फडक्यातला हात दाबला. हौसराव कळवळले.

"मालकानं वळखलं," असं पुटपुटत गेणबानं पावती लिहायला घेतली. रंग, तांबूस काळा. शिंगं, नाहीत. शेपूट आहे का ते बघायला तो डालग्याला गोल फिरून आला आणि 'नाही' असं लिहिलं.

एवढ्यात सरपंच बापूसाहेब आले. डॉक्टरांनी त्यांना गळ घातली, की वटवाघूळ मरायच्या आत त्याचं पुन्हा रक्त घ्यायला हवं, तेवढं सोडा.

"नियम म्हंजी नियम, डॉक्टर," बापूसाहेब म्हणाले. "मागल्या महिन्यात मेव्हण्याचा खोंड हितं दोन दिस बांधून घातला. कारभारीण अजून बोलत न्हाई माझ्याशी. दंड माफ करतो, पर मालकानं लिहून दिल्याबिगर जनावर सुटायचं न्हाई."

लिहून काय द्यायचं, ते ठरलेलं होतं: 'सदर जनावर माझ्या मालकीचे असून यापुढे ते मोकाट सोडणार नाही.'

"साहेब, सही करू नका," लिडियाबाई कानाशी लागल्या. "भीमाकाठची सगळी वटवाघळं अंगावर येतील." पण डॉक्टरांना त्या घडीला डालग्यातल्या रक्ताशिवाय काही दिसत नव्हतं. त्यांनी झोकात सही ठोकली.

वाघळांचा मालक सापडला, ही बातमी न्याहारीच्या आत गावभर झाली. ज्याच्या त्याच्या घरी चिकू, केळी, पपई असं काही ना काही कुरतडलं गेलेलंच होतं. भोयांच्या घरून मासे धरायची जाळी निघाली. दिवसाढवळ्या वडावर झोपलेली वटवाघळं जाळ्यात गोळा होऊ लागली आणि जो तो आपापलं वटवाघूळ उराशी धरून कोंडवाड्याच्या दारात रांगेला उभा राहिला.

"ह्याच्या पायात कडी कुठंय?" गेणबा ओरडला.

"पडली आसंल! बैलाचा नाल पडत न्हाई व्हय?" रांगेतून उत्तर आलं.

वटवाघळांना अर्थातच हा प्रकार पसंत नव्हता. झोपमोड झालेल्या माणसासारखी ती मिळेल तिथं चावत होती, नाहीतर बोचकारत होती. कुणाचा अंगठा, कुणाचं नाक, कुणाचा कान. दुपारपर्यंत अख्खी रांग डॉक्टरांच्या खोलीसमोर आली, कारण जनावरानं माणसाला इजा केली तर औषधपाणी मालकानं करायचं, ही गावाची जुनी रीत. रांगेत सर्वांत पुढे झुंबरबाई होत्या. त्यांनी मनगटावरची रेघ लिडियाबाईंच्या डोळ्यांपुढे नाचवली. "बघा तुमच्या वाघळाची करणी!"

लिडियाबाई साबणानं जखमा धुऊन आयोडीन लावत सुटल्या. बापूसाहेबांना मात्र शंका आली. "फुकटच्या औषधापायी ह्यातले निम्मे बाभळीला घासून आलेत," ते म्हणाले. "डॉक्टर, खरं कुणाला वाघूळ चावलंय, ते वळखू येतं का?"

"रक्त तपासलं तर..." डॉक्टर प्रामाणिकपणे चाचरले, "कदाचित."

"मग घ्या रगात! देणार न्हाई त्यो खोटा!"

असं म्हटल्यावर मागे कोण हटणार? बाह्या वर सरकल्या. तीन महिने सुई पाहून पळणारं गाव आता माझं आधी, माझं आधी म्हणत भांडू लागलं. "माझ्या दोन बाटल्या भरा," झुंबरबाई गरजल्या. "म्या खोटी न्हाई!" सूर्य मावळेपर्यंत एकसष्ट नमुने झाले. लिडियाबाईंचा हात भरून आला आणि डॉक्टर खोलीच्या मागे जाऊन चक्क रडले. संशोधन वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं नमुन्यांबरोबर धाडायचे तक्ते भरायला बसले. नाव, वय, संपर्काची जागा, सगळं झरझर झालं. मग लिडियाबाईंची लेखणी थबकली.

"साहेब, पुढचा रकाना संपर्काच्या कारणाचा आहे. काय लिहू?"

डॉक्टरांनी मनाशी हिशेब केला. तीन महिन्यांपूर्वी या गावात कुणी वटवाघळाला बोटही लावत नव्हतं. ते खरे शास्त्रज्ञ होते, हीच त्यांची पंचाईत होती.

"संशोधक, असं लिहा," ते म्हणाले.

"एकसष्टही ठिकाणी? नाव घालू?"

"घाला."

आठवड्यानं मोठ्या साहेबांचं उत्तर आलं. लिडियाबाईंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. 'आपले काम पाहून प्रयोगशाळेस अत्यंत समाधान वाटले. एकाच गावात इतका संपर्क आजवर कोणास आढळला नव्हता. आपण संपर्काचे कारणही निश्चित केलेत, हे विशेष. तरी रोगप्रतिबंधाच्या दृष्टीने सदर कारण गावातून तत्काळ हलवावे.'