बंबाखालची यादी

मोखाड्याच्या आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात माझ्या नजरेतून काही सुटत नाही! टाचणी हरवली तरी लोक मलाच विचारतात. माझ्या घरच्या नळाचा अर्ज तेवढा तीन महिने याच कार्यालयात हरवलाय, पण ते सोडा.

संस्थानच्या काळातला आग विझवायचा हातबंब जव्हारच्या एका गोदामात गंजत पडला होता. तो मी इथं आणवला, लाल रंग दिला, पितळ चिंचेनं घासून घेतलं आणि फाटकाजवळ उभा केला. अगदी नवरदेव!

तर गेल्या महिन्यापासून अनोळखी पोरं मोबाइलकडे बघत येत, बंबाच्या चाकाखाली वाकत, काहीतरी लिहीत आणि हसत निघून जात. आमच्या आवारातून हसत जाणारा माणूस मी सतरा वर्षांत पाहिला नव्हता! कुतूहलानं मला जेवण गोड लागेना. शेवटी बंबामागे दबा धरला आणि ठाण्याच्या प्रतिक्षा नावाच्या कॉलेजकन्येला रंगेहाथ पकडलं.

"काका, हा खेळ आहे! उपग्रह जागा दाखवतो. कुणीतरी लपवलेली डबी शोधायची, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची, डबी परत ठेवायची."

"मिळतं काय?"

"काहीच नाही!"

"आणि त्यासाठी ठाण्याहून आलीस?"

तिनं डबी उघडली. "पण काका, हे काय?"

वहीत पहिली चार नावं शहरातली. पुढं पानंच्या पानं निळे अंगठे, आणि प्रत्येकासमोर एकच गाव: सूर्यमाळ!

तेवढ्यात सूर्यमाळची बुधीआजी काखेत रिकामा हंडा घेऊन फाटकातून आली.

"भाऊसाहेब, आमचा नंबर कवा?"

"कसला नंबर?"

"टँकरचा! त्या लाल पान्याच्या गाडीखाली वही हाय, सगली नावं घालतात. आमच्या अर्ध्या पाड्यानं अंगठं दिलं. शाई तुमच्याच टेबलावरची घेतली."

"अगं आजी, अर्ज आत द्यायचा असतो!"

"आत दोनदा दिला. आतून मानूस तोंड पाडून येतो, हितून हासत जातो. मंग खरी यादी कंची?"

पाड्याची विहीर आटून पंधरा दिवस झाले होते. बायका तासभर दरी उतरून झऱ्याचं पाणी वाटीवाटीनं भरत होत्या. हा खेळ आहे, हे सांगायला जीभ रेटेना. मला लाज वाटली, खरंच.

प्रतिक्षानं मात्र पानांचे फोटो काढले आणि फाटकावरच्या फोन नंबरासकट आपल्या खेळाच्या मंडळींना पाठवले. दुसऱ्या दिवशी फोन सुरू! पुणे, नागपूर, एक तर थेट जर्मनीहून! सगळ्यांचा एकच प्रश्न: सूर्यमाळला पाणी पोचलं का?

साहेबांनी मला आत बोलावलं.

"गौतम, ही कुठली यादी?"

"बंबाखालची, साहेब."

"आवक क्रमांक?"

"नाही."

"मग ती जर्मनीला गेली कशी? आपली फाइल तर शेजारच्या टेबलावर जात नाही!"

त्याच दुपारी टँकर घाट चढून सूर्यमाळला गेला. बुधीआजीचा निरोप आला, "वही चांगली हाय. हालवू नका."

काल कार्यालय सुटल्यावर मी इकडेतिकडे बघितलं, हळूच बंबाखाली वाकलो आणि डबी काढली. माझ्या नळासाठी नाव-तारीख लिहायची होती, एवढंच.

माझ्या आधी, शेवटच्या ओळीत, साहेबांची सही होती. बंगल्याच्या नळासाठी!