नियोजित कॉलेजापासून हाकेच्या अंतरावर

झपाट्याने वाढणाऱ्या प्रदेशाला कॉलेजापेक्षा कॉलेजच्या आराखड्याची गरज जास्त असते. कॉलेज बांधलं की त्यात मुलं येतात, गाड्या येतात, छपरं गळतात. आराखडा बिचारा कपाटात निमूट राहतो आणि शिळा झाला की नवा करता येतो. टेक्सासातल्या पेकन फ्लॅट्स परगण्याच्या कम्युनिटी कॉलेजाला हे फार लवकर उमगलं. त्याचं श्रेय नियोजन संचालक वांडा प्रुइट यांना द्यावंच लागेल.

वांडाबाई कष्टाळू. त्यांच्या मागच्या आराखड्याप्रमाणे परगण्यात चौदा हजार विद्यार्थी व्हायचे होते. तो छापून येईपर्यंत ते एकवीस हजार झाले. समितीने यावर 'वस्तुस्थितीने घाई केली' असा शेरा मारला आणि जादा मुलांना प्रतीक्षायादीत सामावून घेतलं. (प्रतीक्षायादीची क्षमता अमर्याद असून तिला वातानुकूलन लागत नाही.)

याच यादीत वांडाबाईंचा ट्रेव्हर होता. पोराला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं.

"आई, तुझ्याच कॉलेजात मला बसायला जागा नाही, आणि तू गावभर जागा बघत फिरतेस!"

"तुझ्यासाठीच चाललंय ना रे सगळं? नवीन कॉलेज होऊ दे, चालत जाशील."

जागा ठरली होती कोवार कुटुंबाच्या कपाशीच्या रानात. विकत घेण्याआधी जागा जाहीर करणं ही कॉलेजची पारदर्शक परंपरा. त्यानुसार मंडळाने जाहीर सभा घेतली आणि भूमिपूजनासाठी सोनेरी रंगाची फावडीही आणून ठेवली. सभेतलं भाषण सर्वांत जास्त लक्ष देऊन ऐकलं ते एका बिल्डरने. त्याने ते रान लगोलग घेतलं, त्यावर घरं बांधली आणि फलक लावला: 'नियोजित कॉलेजापासून हाकेच्या अंतरावर'. यात खोटं काहीच नव्हतं. अंतर हाकेपेक्षाही कमी होतं, कारण घरं कॉलेजवरच उभी होती. ट्रेव्हरला वर्ग जवळ पडावा म्हणून वांडाबाईंनीही त्यातलं एक घेतलं. (मूळ आराखड्याप्रमाणे त्यांच्या स्वयंपाकघराच्या जागी विजेची कार्यशाळा येते.)

आता कोवारांचा एकच तुकडा उरला होता, वांडाबाईंच्या कुंपणाला लागून. तो घ्यायचा की नाही, यासाठी जनसुनावणी ठेवली. कॉफी होती, जर्दाळू भरलेले 'कोलाचे' नावाचे गोड पाव होते, बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं होती. शेजारची ग्लेंडा मॅकी पहिली उठली.

"हे बघा, कॉलेज आम्हाला हवंच आहे. म्हणून तर इथे घर घेतलं! पण आमच्या दारात पोरांच्या गाड्यांचा धिंगाणा नको. पलीकडच्या गावात बांधा की."

"पलीकडच्या गावानेही हेच सांगितलंय," अध्यक्ष म्हणाले. "वांडा, तू काय म्हणतेस?"

वांडाबाई उभ्या राहिल्या. मागच्या रांगेत ट्रेव्हर इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. 'जागा ताबडतोब घ्यावी' हे वाक्य त्यांनी इतकी वर्षं टंकलं होतं की ते झोपेतही म्हणता आलं असतं. पण त्यांना आपली खिडकी आठवली, संध्याकाळी त्या रानात येणारी हरणं आठवली, आणि घराची किंमत किती वाढली हे ग्लेंडाने सकाळीच कानात सांगितलं होतं, तेही आठवलं.

"अधिक अभ्यासाची गरज आहे," त्या म्हणाल्या.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. ट्रेव्हरने टाळ्या वाजवल्या नाहीत. वांडाबाईंना लाज वाटली. टाळ्या थांबेपर्यंत वाटत राहिली.

अभ्यास सुरू आहे. ट्रेव्हर सध्या त्याच वसाहतीतल्या बागा खणतो. सोनेरी फावडी पडूनच होती, त्यांचा चांगला उपयोग झाला. ग्लेंडाला त्याचं फार कौतुक. परवाच त्याला थंड चहा देताना म्हणाली, "इतका हुशार मुलगा तू, कॉलेजात का नाही रे जात?"

वाचकहो, टेक्सासातल्या या लोकांना आपण खुशाल हसा. फक्त हसताना मागची खिडकी लावून घ्या. तिच्यातून दिसणाऱ्या मोकळ्या मैदानावर शाळेचं आरक्षण आहे, आणि ते उठवण्याचा ठराव आला तेव्हा सोसायटीच्या सभेत पहिला हात कोणाचा वर गेला, हे आम्ही विचारलेलं नाही.