फक्त उन्हात दिसणारी घटना

आमच्या रडारच्या पडद्यावर निळा ठिपका म्हणजे आपल्याकडे येणारं आणि लाल म्हणजे दूर जाणारं. आडवं सरकणारं रडारला कळत नाही; ते जागच्या जागी उभं दिसतं. एवढं सोडलं तर पडद्यावरच्या कुठल्याही डागाचा मी चहा गार व्हायच्या आत पत्ता लावते, असा माझा लौकिक होता. तो मीच पसरवला होता.

काम असं : सूर्याकडून येणाऱ्या आणि पृथ्वीच्या चुंबकीय रेषा वर खूप उंचावर तुटतात आणि एकमेकींना जोडल्या जातात. त्या जोडणीचा धक्का वातावरणाच्या सगळ्यात वरच्या थराला बसला, की तिथला विद्युतभारित वायू एकदम पळत सुटतो. मैदानात ओळीने उभ्या असलेल्या खांबांवरच्या अँटेनांमधून लहरी सोडून ही पळापळ टिपायची.

मैदानाला लागूनच आमचं क्वार्टर. तिथे सासूबाई आठ दिवसांसाठी आल्या होत्या, त्याला चौथा महिना चालू होता. सासरे गेल्यापासून तिकडच्या घरी त्या एकट्याच. दर सोमवारी "शनिवारी निघते" म्हणायच्या, शनिवारी बॅग भरायच्या आणि रविवारी टूथब्रश काढायला पुन्हा उघडायच्या. येणाऱ्या की जाणाऱ्या, काही कळत नव्हतं. त्यांनी राहावं असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. पण विचारणार कोण?

"तू विचार," नवरा म्हणायचा.

"आई तुझी आहे."

"म्हणूनच. मला नाही म्हणाली, तर विषयच संपला."

कपडे वाळत घालायला मागच्या भिंतीला दोरी बांधते म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "माझ्यापायी भिंतीत खिळे नकोत गं. पाहुणीचे कपडे ते किती?"

त्याच आठवड्यात पडद्यावर एक लाल पट्टा उगवला. सकाळी कामाची घाई ओसरली की यायचा, संध्याकाळी गुल. आमच्या साहेबांना हर्षवायू व्हायचा बाकी होता.

"जोडणी पकडली आपण," ते म्हणाले.

"पण साहेब, ढगाळ दिवशी हा दिसत नाही."

"मग बरोबरच आहे. खेळ सूर्याचाच ना?"

"ढग आपल्या डोक्यावर असतात. हे त्यांच्या कितीतरी वर चाललंय."

"तू फार खोलात शिरतेस," असं म्हणून साहेबांनी मुख्य कार्यालयातून एक बाई तपासणीला बोलावल्या.

त्या आल्या त्या दिवशी लख्ख ऊन होतं. पट्टा नेहमीपेक्षा रुंद. साहेबांनी त्याच्याकडे असा हात केला, जसं काही नातवाचं बारसंच. बाईंनी पडदा पाहिला, खिडकीबाहेरचं ऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "जरा अँटेना बघून येऊ या?"

सातव्या खांबापासून आठव्यापर्यंत ॲल्युमिनियमची तार ताणून बांधली होती. आज चादरी धुतल्या होत्या, म्हणून ती नवव्यापर्यंत गेली होती. पट्टा रुंद का, तेही समजलं. अँटेनाशेजारी धातूची तार आली की लहरींची दिशा बिघडते. म्हणजे इतके दिवस आम्ही आभाळाच्या भलत्याच कोपऱ्यात डोकावत होतो. चादरींच्या मधोमध माझा विरलेला गाऊन वाऱ्यावर डुलत होता. साहेब त्याच्याकडे बघायचं टाळून आठव्या खांबाचं टोक निरखत राहिले.

तोंडातले चिमटे काढत सासूबाई म्हणाल्या, "स्टोअरबाहेर तार पडली होती. खांब नुसतेच उभे असतात, म्हटलं. संध्याकाळी आठवणीने सोडते हो."

"रोज बांधायची आणि रोज सोडायची?" बाईंनी विचारलं.

"मग? दुसऱ्याच्या जागेत कायमचं काही बांधू नये." मग त्यांनी माझा चेहरा पाहिला. "तुझं काम बिघडलं का गं माझ्यामुळे?"

"थोडंसं."

साहेब खोकले.

"शनिवारी जाते मी," सासूबाई म्हणाल्या आणि ओल्या चादरी भराभर ओढून खांद्यावर टाकायला लागल्या. आज मंगळवार होता. त्या हे मंगळवारी कधीच म्हणत नसत.

"आई, जाऊ नका," मी म्हटलं. "आमच्याकडेच राहा. कायमच्या."

सासूबाई थांबल्या. खांद्यावरच्या चादरीतून साहेबांच्या बुटांवर पाणी ठिबकत होतं.

"हे विचारायला चार महिने लागले? आणि तेही या लोकांसमोर, गाऊन वाळत असताना?"

"हो."

"राहते," त्या म्हणाल्या. "मागच्या भिंतीला खिळे ठोकून घे. चांगले लांब आण, चादरी ओल्या झाल्या की जड होतात."