चंद्रीच्या कानाला फोन

आमच्या वाडीतल्या लहान पोरांना बरीच वर्षं असं वाटायचं, की मारुतीअप्पा आणि सुलावहिनी हे एकच माणूस आहे. कधी ते टोपी घालून येतं, कधी डोक्यावर पदर घेऊन.

पोरांचा काही दोष नव्हता. लग्न असो, बारसं असो, दहावा असो, या दोघांपैकी एकच कोणीतरी यायचं. दुसरं कुठंय असं विचारलं, की अप्पांचं उत्तर तीस वर्षं ठरलेलं. "गोठ्यावं. एक जातंय, एक ऱ्हातंय." हे ते अशा सुरात म्हणायचे, की जणू घटनेतलं कलम वाचून दाखवतायत.

गोठ्यात गाई दोनच. गौरी आणि चंद्री. गौरी म्हणजे अगदी सज्जन बाई. तिच्या कासेला कोणीही हात लावावा, ती रवंथ करत उभी राहणार आणि बादली भरून देणार. चंद्रीचं तसं नव्हतं. परका माणूस खाली बसला, की ती पान्हा चोरायची. सड ओढून ओढून हात मोडले तरी थेंब नाही, आणि वर एक लाथ. तिची धार काढावी ती सकाळी अप्पांनी आणि संध्याकाळी वहिनींनी. तिसऱ्याला परवानगी नव्हती. त्यात आमचा भाग बिबट्याचा. मागल्या वर्षी तो गोठ्याच्या जाळीपर्यंत येऊन गेला, तेव्हापासून अप्पांच्या कलमाला आणखी एक पोटकलम जोडलं गेलं.

अप्पा एकटे लग्नाला आले, तरी निम्मेच आलेले असायचे. साडेचार वाजले, की बोलता बोलता गप्प व्हायचे. "आता बसली आसंल," असं पुटपुटायचे आणि मांडीवर ठेवलेली त्यांची बोटं आपोआप हलायला लागायची. अंगठा आत, मूठ वर-खाली, डावी-उजवी, डावी-उजवी. नारायणगावच्या एका कार्यालयात पलीकडच्या खुर्चीवरच्या पाव्हण्याला वाटलं, अप्पांना झटका आला. त्यानं बिचाऱ्यानं पाणी मारलं तोंडावर. अप्पांनी रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "काय न्हाई राव, धार चाललीय."

घरी जाताना मात्र रुमालात अर्धी जिलेबी असायची. त्यांच्याच पानातली. ती वहिनींना द्यायची आणि सगळा समारंभ तोंडी सांगायचा, असा नेम. सांगण्यात अप्पा अगदीच कच्चे. नवरीचा शालू कसला होता, असं वहिनींनी विचारलं, की "तांबडा आसंल" म्हणायचे, आणि मग नवरदेवाच्या दारात किती जनावरं आहेत, कुठली वैरण घालतात, हे तासभर. वहिनी भीमाशंकरला बायकांबरोबर जाऊन आल्या, तेव्हा अप्पांचं दर्शनही असंच तोंडी झालं. वहिनी सांगत होत्या आणि अप्पा हात जोडून ऐकत होते.

त्यांच्या घरात दोघांचा एकत्र असा एकच फोटो. मुलीच्या, वैशालीच्या लग्नातला. मांडव दारातच होता, कन्यादानही दोघांनी केलं, पण फोटोची वेळ नेमकी साडेचारला आली. वहिनी शालू खोचून गोठ्यात गेल्या. धार काढून आल्या, तर अप्पा कॅन घेऊन डेअरीवर. शेवटी फोटोग्राफरनं दोघांचे वेगवेगळे फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर एकत्र चिकटवले. त्यात अप्पा गालिच्यापासून वीतभर वर तरंगतायत. पाव्हणे बघून हात जोडतात.

तर गेल्या हिवाळ्यात वैशालीनं लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला आईबापांसाठी महाबळेश्वरला हॉटेलात खोली घेतली. शुक्रवार-शनिवार, खिडकीतून वेण्णा तलाव दिसतो, सकाळचा नाष्टा फुकट. अप्पांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, पाणीच बघायचं तर इथं माणिकडोहच्या धरणात आहे की, धारेला माघारी येता येतं. वैशाली रडवेली झाली, तेव्हा त्यांनी थोडा विचार करून तोडगा काढला. शुक्रवारी वहिनींनी जावं, शनिवारी दुपारी यावं. त्या आल्या, की अप्पांनी निघावं, रविवारी यावं. खोलीही वाया जात नाही, दोघांचंही महाबळेश्वर होतं.

वैशालीनं कपाळावर हात मारून घेतला.  दुपारी वहिनी आमच्या ओट्यावर शेंगा फोडायला बसल्या असताना माझ्या बायकोला म्हणाल्या, "एकटीनं न्हाई जायचं मला. तिथं व्हडी असती म्हनं. एकदा दोघांनी व्हडीत बसावं, एवढंच वाटतं." तीस वर्षांत या बाईनं काही मागितल्याचं माझ्या बायकोला आठवत नव्हतं. मी आत चहा पीत होतो. बाहेर आलो आणि जाहीर केलं, की दोन दिवस धारा मी काढणार.

माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. गाईच्या बाबतीत माझी लायकी म्हणजे लहानपणी वडलांच्या दोन म्हशी पिळल्या होत्या, इतकीच. पण वहिनींनी युक्ती सांगितली. त्या धारेला नेसतात ते जुनं पातळ नेसायचं, म्हणजे वासानं चंद्री फसेल. आता पातळ नेसणं मला नवीन नाही. विशीत असताना यात्रेच्या नाटकात तीन वर्षं लागोपाठ मी नायिका होतो. अप्पांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "बघा राव. चंद्री नाटक बघत न्हाई."

शुक्रवारी सकाळची धार काढून दोघं निघाले. पुढचं मला वहिनींनी नंतर सांगितलं. गाडीत अप्पांनी सवयीनं एकच तिकीट मागितलं. "आन् मी काय टपावं बसू?" असं वहिनींनी विचारल्यावर कंडक्टरसकट पुढच्या दोन रांगा हसल्या. स्वारगेटला अप्पांनी एकच चहा सांगितला. महाबळेश्वरला पोचल्यावर हॉटेलातल्या माणसानं विचारलं, की साहेब किती जण, तर हे म्हणाले, "एक." वहिनी पिशवी घेऊन मागेच उभ्या होत्या.

इकडे संध्याकाळी मी पातळ नेसून, पदर खोचून गोठ्यात उतरलो. कुंपणापलीकडे निम्मी वाडी जमलेली. आमचा जुना नाटकातला नायक, आता पोट सुटलेला, तोही आलेला. "काय बाई, पुन्हा पार्ट मिळाला का?" म्हणाला. माझी बायको मोबाइलवर चित्रीकरण करत होती आणि हसण्यानं तिचा हात हलत होता. गौरीनं बादली भरून दिली. चंद्रीनं पातळ हुंगलं, मान वळवून माझं तोंड पाहिलं आणि नाटक जागच्या जागी पाडलं. लाथ मांडीवर बसली. दूध निघालं ते वाटीभर.

अप्पांचा फोन आला. मी सांगितलं, सगळं झकास.

शनिवारी सकाळी तेच. गूळ दिला, पेंड दिली, मान खाजवली, नाटकातली पदं म्हटली. पुन्हा वाटीभर. कास टणक व्हायला लागली होती. आणखी एक धार चुकली, तर कास सुजणार हे मलाही कळत होतं आणि आता हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण खरं सांगावं, तर अप्पा पहिल्या गाडीनं माघारी येणार. होडीची वेळ आज साडेचारच्या पुढची ठरली होती, कारण शुक्रवारी अप्पांनी "धार हून जाऊंदे" म्हणून वहिनींना काठावरच बसवून ठेवलं होतं. मी पुन्हा सांगितलं, झकास.

शनिवारी साडेचारला फोन आला तो वेगळाच. अप्पा म्हणाले, फोन बादलीजवळ धरा, मला ऐकू द्या.

मी याच्यासाठी तयार होतो. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून ठेवलं होतं. बाटलीत पाणी. फोन बायकोच्या हातात दिला, बादली पुढे घेतली आणि बाटली दाबायला लागलो. चुळ्ळ, चुळ्ळ, चुळ्ळ. डावी-उजवी लय अगदी अप्पांच्या बोटांची. बायकोनं डोळ्यांनीच मला शाबासकी दिली.

पलीकडून तलावावरच्या होडीवाल्यांच्या हाका ऐकू येत होत्या.

"राव," अप्पा म्हणाले, "ते पानी हाय."

मी म्हणालो, छे, छे, अप्पा.

"दुधाला फेस येतो. बादली भरंल तसा आवाज बसत जातो. तुमची बादली आजून टनटन वाजतीया." मग आवाज खाली आणून विचारलं, "कालपास्नं?"

मी कबूल केलं. कास टणक झालीय, हेही सांगितलं. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त म्हणाले, "सहाची गाडी हाय. आमी निघतो. पिशवी घे गं."

एवढ्यात फोनमध्ये खरखर झाली. वहिनींनी तो त्यांच्या हातातून घेतला होता.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "फोन तिच्या कानाला लावा. आन् तुमी नीट बसा खाली. तोंडानं बोलू नका."

बायकोनं स्पीकर चालू केला आणि फोन चंद्रीच्या कानाजवळ धरला. मी पदर सावरून बसलो. मला वाटलं, वहिनी आता पुचकारतील, ओवी म्हणतील. तसलं काही नाही. शेजारणीशी बोलावं तशा त्या बोलायला लागल्या. रोज संध्याकाळी त्या तिच्याशी असंच बोलत असणार, हे मला तेव्हा कळलं.

"चंद्रे, ऐकलं का गं. हितं लई पानी हाय. एवढं पानी आन् एकबी मोटर न्हाई लावलेली. थंडी तर आशी, की तुला झूलच घालावी लागंल. स्ट्राबेरी खाल्ली, आंबट लागली. काल त्या बाकड्यावं आमी दोघं बसलो, एका बाकड्यावं. काय बोलावं ते त्यास्नीबी सुचंना, मलाबी सुचंना. लई येळ गप बसलो. मग तुझाच विषय काढला. तवा कुठं बोलनं झालं."

चंद्रीचे कान मागे-पुढे झाले. कास हाताला मऊ लागली.

"त्यास्नी वाटतं, मला व्हडीचा नाद हाय. व्हडीचं काय घिऊन बसलंय. व्हडीतनं मदीच उठून जाता येत न्हाई ना गं मानसाला. म्हून बसायचं व्हतं."

पहिली धार बादलीत वाजली. मग दुसरी. मी मान वर केली नाही, पिळत राहिलो, आणि वहिनी सांगत राहिल्या. घोडे, मक्याची कणसं, हॉटेलातली पांढरीशुभ्र चादर, तिच्यावर बसायला भीती वाटते ते. हळूहळू बादलीचा आवाज बसत गेला, अगदी अप्पा म्हणाले होते तसा. फेस काठापर्यंत आला.

वहिनी थांबल्या. तिकडे त्यांच्या शेजारीच अप्पा उभे होते आणि सगळं ऐकत होते, हे त्या विसरल्या होत्या की नव्हत्या, मला सांगता येणार नाही. मग फोनवर अप्पांचा आवाज आला. 

"उतरली?"

"उतरली, अप्पा. बादली भरली."

"ऐकलं मी." मग म्हणाले, "बरं. ठेवा आता. व्हडीवाला थांबलाय."

रविवारी सकाळची धारही वहिनींनी फोनवरच काढून दिली. दोघं दुपारी परतले. वहिनींनी माझ्या बायकोला स्ट्रॉबेरीचा डबा दिला आणि एक फोटो दाखवला. होडीत दोघं शेजारी. अप्पांनी टोपी एका हातानं घट्ट धरलीय, दुसरा हात वहिनींच्या हातावर आहे आणि अंगठा आत. वहिनी म्हणाल्या, सगळा वेळ बोटं चालूच होती.

चार दिवसांनी धुतलेलं पातळ परत द्यायला मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. ही वेळ वहिनींच्या धारेची. पण गोठ्यात खाली बसून धार काढत होते अप्पा. वहिनी समोर पालथ्या घमेल्यावर बसून बोलत होत्या, वैशालीचा फोन आला होता त्याबद्दल काहीतरी. मी दारातच थांबलो. डेअरीचं काय, असं विचारलं, तर अप्पांनी मान वर न करता सांगितलं, की डेअरीवर जरा उशिरा गेलं तरी चालतं, चौकशी केलीय.

"चंद्रीला सवय लागलीय वं," ते म्हणाले. "आता दोघं लागत्यात तिला."

"हो ना," मी म्हणालो, "खोडी फार तिच्या."

पातळ खुंटीला अडकवून मी निघालो. चंद्री पलीकडच्या दावणीला बांधलेली होती, वैरण खात. अप्पा ज्या गाईखाली बसले होते, ती गौरी होती.