तुमची होडी प्रक्रियेत आहे

अँड्रॉइड फोनचा असा एकही आजार नाही जो मला बरा करता येत नाही. हे मी नम्रपणे सांगतोय. उद्धटपणे सांगायचं तर घरचे, दुकानातले आणि जिन्यातल्या शेजाऱ्यांचे मिळून नऊ फोन आजवर माझ्या हाताखालून गेलेत आणि त्यातले सात अजून चालू आहेत. भल्याभल्या डॉक्टरांचा आकडा इतका चांगला नसेल!

त्यामुळे त्या दुपारी बाबांनी फोन माझ्यापुढे धरला आणि हळूच म्हणाले, "अरे, जरा बघ. होडी येत नाहीये," तेव्हा मी नुसता हसलो. होडी! पाच मिनिटांचं काम.

ही होडीची काय भानगड आहे ते आधी सांगतो. आमचं चष्म्याचं दुकान आहे. पुढच्या खोलीत बाबा डोळे तपासतात, मागच्या खोलीत काका काचा घासतात. मधे एक पडदा, आणि पडद्याशेजारी भिंतीत एक छोटी खिडकी. त्या खिडकीतून ऑर्डरची पाकिटं मागे सरकवणं ही माझी नोकरी. सव्वीस वर्षं दोघे भाऊ हे दुकान चालवतायत. दुपारी दोननंतर गिऱ्हाईक विरळ होतं. कपाटांतले साडेचारशे रिकामे चष्मे रस्त्याकडे बघत बसतात. ऊन त्यांच्यातून झिरपून भिंतीवर पडतं आणि भिंत पाण्यासारखी हलायला लागते. जांभई एकाला आली की सगळ्या दुकानाला येते.

अशा वेळी दोघे भाऊ आपापल्या फोनवर एकच खेळ खेळतात. त्यात मारामारी नाही, शत्रू नाहीत, गुणही नाहीत. एक तळं आहे, तळ्यावर धुकं आहे. प्रत्येकाचं एक बेट. बेटावर घर बांधायचं, बदकं पाळायची आणि पाण्याकडे बघत राहायचं. बस्स! मी एकदा विचारलं होतं, "बाबा, यात जिंकायचं कसं?"

"कुणाला?" बाबा म्हणाले.

बाबांचं आणि काकांचं बेट समोरासमोर. रोज दुपारी दोघे आपापल्या काठावर येऊन एकमेकांना हात हलवायचे. प्रत्यक्षात दोघांत बारा फुटांचं अंतर आणि एक पडदा!

नऊ दिवसांपूर्वी ते हात हलवणं थांबलं. एका बाईंच्या चष्म्यात काच जराशी वाकडी बसली होती. बाबा त्यांच्यादेखत म्हणाले, "काय करणार! आमचा धाकटा लहानपणापासून तिरकाच बघतो." बाई खळखळून हसल्या. पडद्यामागे घासायचं यंत्र बंद केल्याचा आवाज आला. तेव्हापासून अबोला.

आता अबोला म्हणजे शांतता असते असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही कधी मधे सापडला नाहीत.

"तुझ्या वडिलांना सांग, बारीक पेचकस हवाय."

"तुझ्या काकाला सांग, त्याच्याच कानावर आहे."

मी मधली टपालपेटी. आणि त्या दिवशी सकाळी खिडकीतून शेवटचं टपाल आलं. "तुझ्या वडिलांना सांग, आज पाच वाजता मी पलीकडच्या रस्त्यावरचा गाळा बघायला चाललोय. वेगळं दुकान टाकतो. तिथे मला हवं तेवढं तिरकं बघीन!"

बाबा एकच काच अर्धा तास पुसत राहिले. ती काच नव्हतीच, नुसती रिकामी फ्रेम होती. आणि मग साडेतीनच्या सुमारास तो फोन माझ्यापुढे आला.

"सरळ आत जाऊन माफी मागा ना," मी म्हणालो.

"मी मोठा आहे रे. माझ्या जिभेला त्याची सवय नाही." बाबांनी पडद्याकडे बघितलं. "म्हणून म्हटलं, खेळातली होडी विकत घ्यावी आणि त्याच्या बेटावर जावं. धुक्यात तोंडं दिसत नाहीत. तिथे जमेल."

म्हणजे प्रश्न असा होता, मंडळी: पाचच्या आत होडी आली तर दुकान एक राहणार, नाही आली तर दोन होणार. आणि फोन म्हणत होता, 'काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.'

मी आज्ञाधारक मुलगा आहे. पुन्हा प्रयत्न केला. 'काहीतरी चुकलं.' परत पुन्हा. 'तुमची खरेदी प्रक्रियेत आहे.' आणि मग पुन्हा, 'काहीतरी चुकलं.'

"काय झालं?" बाकावरून आवाज आला. तिथे एक टेलर बसले होते. बाबांनी त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले होते, बाहुल्या मोठ्या व्हायला. अर्धा तास झाला की तपासणी.

"होडी येत नाहीये," मी म्हणालो.

"अच्छा," टेलर म्हणाले, जणू त्यांचीही एक यायची राहिली होती. "धुकं पण किती आहे!"

मी कामाला लागलो. आधी नेट बंद करून चालू केलं आणि खरेदीचं बटण दाबलं. काही नाही. मग फोनच बंद करून चालू केला. तो शुद्धीवर यायला इतका वेळ घेत होता की बाबांनी त्याला पदराने, म्हणजे चष्म्याच्या फडक्याने, वारा घातला. पुन्हा बटण. काही नाही.

मग माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. माझ्या फोनवर पावणेचार, बाबांच्या फोनवर तीन पंचावन्न!

"बाबा, तुमचा फोन दहा मिनिटं पुढे आहे!"

"मुद्दाम. दुकानात वेळेवर पोचतो मी त्यामुळे."

"अहो, ॲप स्टोअरला वाटतंय तुम्ही भविष्यातून खरेदी करताय!"

"होडी भविष्यातून घेतली तर लवकर यायला हवी ना?" बाकावरून टेलर म्हणाले.

मी घड्याळ सरळ केलं आणि बटण दाबलं. मग स्टोअरची साठलेली जळमटं पुसली आणि बटण दाबलं. मग खेळ बंद केला, मनातल्या मनात वीस आकडे मोजले आणि बटण दाबलं. दर वेळी तेच, काहीतरी चुकलं. काय चुकलं ते मात्र सांगायचं नाही! अगदी आमच्या घरातल्यासारखं.

या सगळ्यात पडद्यामागून मधूनमधून काकांचा आवाज येत होता. "आणखी एक?" थोड्या वेळाने, "आणखी?" मग, "कमाल आहे!" दोन वाजता मी त्यांच्याकडे पाकिटांचा गठ्ठा सरकवला होता. मला वाटलं, त्यावरच चाललंय. कष्टाळू माणूस कामाशी बोलतो.

तेवढ्यात खिडकी उघडली आणि काकांचं अर्धं तोंड दिसलं.

"तुझ्या वडिलांना सांग," तोंडाचा तो अर्धा भाग म्हणाला, "सात होड्या मिळाल्या. टोमणा पोचला!"

"कसला टोमणा?"

"अरे, दर होडीबरोबर पाटी येते! 'तुमच्यासाठी होडी! आता शेजाऱ्याकडे जा आणि बोला!' म्हणजे तिरका मला म्हणायचं, आणि बोलायला पण मीच जायचं! ते पण सात वेळा!"

खिडकी आपटली.

आणि मंडळी, भर उन्हाच्या दुकानात माझ्या डोळ्यांवरचं धुकं खाडकन उतरलं. तीन वर्षांपूर्वी दोघांचे फोन मीच चालू करून दिले होते. दोघांनाही पासवर्ड आठवत नव्हता, म्हणून दोन्ही फोनांत मी माझंच खातं टाकलं होतं. त्यावेळी मला ती चलाखी वाटली होती! खातं एकच, त्यामुळे होडी निघाली की ज्याचा खेळ उघडा असेल त्याच्या काठाला लागायची. बाबांचा खेळ मी दर वेळी बंद करत होतो. काकांचा दुपारभर उघडा होता. मी इकडे बटण दाबत होतो आणि तिकडे धुक्यातून एकेक होडी काकांच्या अंगावर जात होती.

ही गोष्ट तोंडाने सांगून दोन वाक्यांत मिटली असती. पण मी तांत्रिक माणूस आहे.

"काय म्हणतोय तो?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. होड्या... म्हणजे होडी आता वाटेत आहे."

बाबांचा चेहरा उजळला. मला वाटलं, यांचा खेळ उघडा ठेवून भराभर बटण दाबलं तर निदान एक तरी इकडे लागेल. मी पाच वेळा दाबलं. पडद्यामागून "आठ!" ऐकू आलं. मग "नऊ! दहा! अकरा!" बारावी कुणालाच मिळाली नाही. फोन म्हणाला, 'तुमची होडी प्रक्रियेत आहे,' आणि गप्प झाला. पैसे माझ्या खात्यातून जात होते, पण तो विषय इथे नको.

साडेचार झाले. आत काकांनी यंत्रावर कापड टाकल्याचा आवाज आला. बॅगेची चेन ओढली गेली.

"निघतोय तो," बाबा म्हणाले. आवाज एवढासा झाला होता. "होडी?"

आता एकच उपाय उरला होता. बाबांना स्वतःचं खातं द्यायचं. त्यासाठी खेळातलं जुनं पुसायचं. मी 'डेटा पुसा' दाबलं. फोनने विचारलं, 'सगळं कायमचं जाईल. ठीक?'

मी ठीक म्हटलं. आयुष्यात फोनने मला जे जे विचारलं त्याला मी ठीकच म्हणत आलोय.

खेळ पुन्हा उघडला. तळं होतं. धुकं होतं. मधे चटईएवढी वाळू आणि तिच्यावर एक रोपटं. बाबांचं घर नव्हतं. घाट नव्हता. चौदा बदकांतलं एकही नव्हतं. बाबा फोनकडे बघत राहिले, आणि मला एकही वावगा शब्द बोलले नाहीत. त्यापेक्षा साडेचारशे चष्म्यांनी मिळून माझ्याकडे रोखून बघितलेलं परवडलं असतं, आणि ते तर बघतच होते!

"माझी बदकं कुठे गेली रे?" एवढंच म्हणाले.

"कोण गेलं?" टेलर म्हणाले. "मला तर सगळेच हळूहळू जाताना दिसतायत."

आतून काहीच आवाज येईना. चेन नाही, पाऊल नाही. मग पडदा हलला. नऊ दिवसांत पहिल्यांदा तो पूर्ण बाजूला झाला आणि काका बाहेर आले. खांद्यावर बॅग, हातात फोन, आणि चेहरा असा, जसा गर्दीत हात सुटलेल्या पोराचा होतो.

"दादा?"

बाबांनी मान वर केली.

"दादा, तू गेलास?"

"कुठे जाऊ? इथेच तर आहे मी."

"तळ्यावरून!" काकांनी फोन पुढे केला. स्क्रीनवर मोकळं पाणी होतं, आणि खाली ओळ: 'तुमचा शेजारी तळं सोडून गेला आहे.' "तीन वर्षं समोर दिवा दिसायचा तुझ्या घरात. आत्ता बघितलं तर नुसतं पाणी! मी निघायच्या आधी तूच निघालास?"

"अरे, मी होडी घेत होतो. तुझ्याकडे यायला!"

"अकरा?"

"एक!"

"माझ्याकडे अकरा आल्या!"

"मग बाकीच्या..."

दोघे थांबले. दोघांनी सावकाश माझ्याकडे बघितलं. सव्वीस वर्षं लोकांचे डोळे तपासलेली माणसं बघतात तशी. नऊ दिवसांत दोघांचं ज्यावर एकमत व्हावं अशी पहिली गोष्ट दुकानात उभी होती, आणि ती मी होतो!

"ह्याच्या हातात फोन दिलास तू?" काका म्हणाले.

"चुकलंच माझं," बाबा म्हणाले.

तो शब्द होडीशिवायच आला होता! इतका सहज, की बाबांनाही दचकायला झालं. आता निघालाच आहे म्हणून असेल, त्यांनी तो पुढे ढकलला. "त्या दिवशी पण चुकलं. काच मीच मापताना वाकडी धरली होती."

काका पुढे आले. खांद्यावरची बॅग काढून काउंटरवर ठेवली. कानावरचा पेचकस काढून बाबांपुढे ठेवला. मग स्टूल ओढून शेजारी बसले, आणि दोघे त्या चटईएवढ्या वाळूकडे बघत राहिले.

"माझ्याकडची दोन बदकं देतो," काका म्हणाले. "होड्या काय, मुबलक आहेत."

"तुला गाळा बघायला जायचंय ना?"

"गेले पाच वाजून." भिंतीवरचं घड्याळ पावणेपाच दाखवत होतं. ते तिघांनाही दिसत होतं.

तेवढ्यात बाकावरून अगदी समाधानी आवाज आला, "आता मला बरंच स्पष्ट दिसायला लागलंय!" टेलरांच्या डोळ्यांतल्या थेंबांचा असर उतरला होता. तपासणी राहूनच गेली. पुन्हा थेंब घालावे लागले.

आता सगळं छान आहे. रोज दुपारी काकांच्या अकरा होड्या फळ्या आणि बदकं घेऊन ओळीने धुक्यातून बाबांच्या काठाला लागतात. दोघांची खाती वेगवेगळी आहेत. ती टेलरांनी करून दिली.

आणि बारावी होडी? खातं माझंच होतं, म्हणून परवा दुपारी माझा फोन वाजला. 'अभिनंदन! तुमची खरेदी पूर्ण झाली.' तो खेळ माझ्या फोनवर कधी उघडलेलाच नव्हता. उघडला. चटईएवढी वाळू, एक रोपटं आणि काठाला एक होडी. लांब धुक्यात दोन दिवे शेजारी शेजारी दिसत होते. मला उगीचच भरून आलं. मी होडीत बसलो आणि 'शेजाऱ्यांना भेटा' दाबलं.

पडद्यापलीकडे दोन फोन एकदम टिंगटिंगले. मग दोन गळे हसले.

माझ्या फोनवर ओळ आली, 'तुमची विनंती प्रक्रियेत आहे.'

मी अजून पाण्यातच आहे.